गोराईच्या वाडीसाठी जुना कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर, लोडर आणि बॅकहो : एक प्रकरण अभ्यास

वाडीचं फाटक १.९५ मीटर रुंद. एका अंगाला जुना दगडी गडगा, दुसऱ्या अंगाला शेजारच्या विहिरीचा कठडा, त्यामुळे रुंदी वाढवायला जागा नाही. आत अडीच एकर जमीन : वरच्या बाजूला रेताड, खालच्या बाजूला खाजणाकडे उतरणारी चिकण माती. नारळ, थोडी चिकूची झाडं, पावसाळी भाजी आणि गाळाने निम्मं भरलेलं एक तळं.

कामं चार होती. पावसाचं पाणी तळ्याकडे नेणारा १८० मीटरचा चर, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल. नव्या नारळांसाठी प्रत्येकी एक मीटर लांब, रुंद आणि खोल असे साठ खड्डे. तळ्यातला गाळ दर उन्हाळ्यात काढणं. शेणखत, मुरूम आणि झावळ्यांची वर्षभराची ने-आण. नेहमीचा मोठा बॅकहो लोडर, म्हणजे पुढे उचलणारी बकेट आणि मागे खोदणारा हात (बॅकहो) असलेलं यंत्र, २.२ मीटरहून रुंद आणि सात टनांहून जड असतो. तो फाटकातून जात नाही, आणि गेलाच असता तरी रेतीतून नेलेल्या पाण्याच्या पाइपांचा चुरा केला असता.

### घ्यावं की भाड्याने आणावं

आधी मातीचा हिशोब. चराची माती ७३ घनमीटर, खड्ड्यांची ६०, मिळून १३३. छोट्या बॅकहोच्या ४५ सेंटिमीटरच्या बकेटमध्ये साधारण ०.०४५ घनमीटर माती मावते. ती प्रत्यक्षात ऐंशी टक्के भरते, आणि नवशिक्या ड्रायव्हरला एका फेरीला चाळीस सेकंद लागतात. म्हणजे तासाला तीन घनमीटरच्या थोडं वर. यंत्र हलवणं, त्याचे आधाराचे पाय जमिनीला टेकणं, वाटेत मुळं लागणं हे धरलं तर साठ तासांचं काम. मोठं यंत्र हेच दोन दिवसांत उरकतं.

फक्त खोदायचं असतं तर उत्तर सोपं होतं : मीटरभर रुंदीचं, दीड टनाचं मिनी एक्स्कॅव्हेटर आठवडाभर भाड्याने आणायचं. खोदण्यात ते कुठल्याही ट्रॅक्टरपेक्षा सरस आहे. पण ते माती वाहून नेत नाही, ट्रॉली ओढत नाही, रोटाव्हेटर चालवत नाही. इथे वर्षातले आठ महिने लोडर आणि ट्रॉलीचं काम होतं आणि खोदकाम उन्हाळ्यापुरतं, म्हणून ट्रॅक्टर. हा क्रम उलटा असता तर वाडीच्या मालकांना आमचा सल्ला ट्रॅक्टर न घेण्याचा असता.

मापं ठरली : २४ ते २८ एचपी, चारही चाकांना ड्राइव्ह, टायरसकट बाहेरची रुंदी १.४ मीटरपेक्षा कमी. लोडरची बकेट टायरांपेक्षा थोडी रुंद लागते, नाहीतर चाकं स्वतःच्याच ढिगावर चढतात. ती १.४५ मीटर धरली तरी फाटकात दोन्ही बाजूंना पाव मीटर उरतो. पुढच्या चाकांना ड्राइव्ह नसलेला ट्रॅक्टर लोडरला घेऊच नये. भरलेली बकेट उचलली की मागची चाकं हलकी होतात, आणि रेतीत तो जागीच रुततो.

### द्राक्षबागेतून आलेला ट्रॅक्टर

या मापाचे जुने ट्रॅक्टर मुंबईच्या आसपास कमी आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात भरपूर. निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या भागात वेलींच्या दोन ओळींमधून जाणारा अरुंद ट्रॅक्टर लागतो, आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये बदलाबदली होते. शोध एप्रिलमध्येच केला. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो. चर त्याआधी व्हायला हवा होता.

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरची झीज वेगळ्या जागी असते. त्याने नांगर फारसा ओढलेला नसतो, पण फवारणीचा ब्लोअर तासन्‌तास चालवलेला असतो. म्हणून पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा, शाफ्ट आणि क्लच आधी बघायचा. शाफ्टला सहा आऱ्या असतात, त्यांच्या कडा धारदार आणि एका बाजूला कलत्या दिसल्या तर झीज बरीच झाली. बोर्डो मिश्रण आणि गंधकाची भुकटी रेडिएटरच्या जाळीत आणि वायरिंगच्या जोडांत बसते. कनेक्टर उघडल्यावर हिरवट-निळा थर दिसला तर ती तांब्याची खूण. तेवढ्यावरून ट्रॅक्टर नाकारू नये, वायरिंगचा खर्च मात्र किमतीतून वजा करावा.

दोन ट्रॅक्टर बघितले. पहिला स्वस्त होता आणि नव्या रंगात चकचकीत. टॉप लिंक, म्हणजे मागचं अवजार वरून धरणारा दांडा, जिथे बसते त्या ब्रॅकेटच्या मुळाशी रंगाखाली वेल्डिंगचा फुगवटा बोटाला लागला. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली तर तेल ताकासारखं पांढुरकं, म्हणजे पाणी शिरलेलं. या मापाच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं, त्यामुळे तेच पाणी पंपातही फिरलेलं. वीस मिनिटं बघून तो सोडला.

दुसरा २०१७ सालचा, २७ एचपी, तासमीटर १,८४० वर. मीटरवर एकट्यावर भरवसा ठेवला नाही. क्लचच्या पेडलवरचं रबर, सीटच्या खालची झीज, आणि टायरवरचा चार आकडी उत्पादनाचा शिक्का या तिन्हींशी तो ताडून पाहिला. शिक्क्यातले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायर मूळचेच निघाले आणि झीज अठराशे तासांना शोभेल अशी होती.

तपासणी अशी केली. ट्रॅक्टर आधीपासून गरम करून ठेवू नका, असं विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगितलं. इंजिनावर हात ठेवून गार असल्याची खात्री केली, मग स्टार्ट. पांढरा धूर अर्ध्या मिनिटात गेला. ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवलं तेव्हा वाफेचा हलका श्वास होता, भस्‌भस्‌ नव्हती. पुढचा अॅक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं. उजव्या हबला किंचित ढिलाई आणि सीलमधून तेलाचा ओलावा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, बेलहाउसिंगच्या भोकातून तेल गळत नव्हतं. तिथे तेल असेल तर ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, आणि मजुरी पार्टांपेक्षा जास्त होते.

हायड्रॉलिकची परीक्षा घाईत होत नाही. बाहेरच्या तेलाच्या पोर्टाला २५० बारचा गेज लावला. थंड तेलावर १६५ बार. मग अर्धा तास ट्रॅक्टरची मागची लिफ्ट वजनासह वर-खाली करून तेल तापवलं आणि पुन्हा मोजलं : १५८. पहिल्या ट्रॅक्टरसारख्या खिळखिळ्या पंपात हाच आकडा गरम तेलावर तीस-चाळीस बारने खाली येतो. ही एक चाचणी केली नाही तर बाकीच्या सगळ्या तपासण्यांना अर्थ राहत नाही, कारण लोडर दुपारी बारा वाजता, गरम तेलावरच चालायचा असतो. शेवटी तीन क्विंटल वजन लिंकवर उचलून इंजिन बंद केलं. पंधरा मिनिटांत दोन बोटं खाली आलं, ते चालण्यासारखं आहे.

ट्रॅक्टर ३,८५,००० रुपयांना ठरला. क्लच प्लेट, पुढच्या हबचे सील आणि बेअरिंग, टाय रॉडची टोकं, वायरिंग आणि सगळी तेलं मिळून ४६,००० लागले.

### कागद

तीन गोष्टी रोख देण्याआधी. आरसीवर फायनान्स कंपनीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते वाहन पोर्टलवर बघितलं. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये. सहकारी बँकेचं ट्रॅक्टर कर्ज अनेकदा सातबाऱ्यावरही चढवलेलं असतं, म्हणून विक्रेत्याचा सातबाराही मागितला. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१७ चा ट्रॅक्टर २०३२ पर्यंत. गोराईची वाडी बोरिवलीच्या एमएच-४७ कार्यालयाखाली येते.

नोंदणी शेतीच्या ट्रॅक्टरची आहे आणि वापर स्वतःच्या वाडीतला, तोवर अडचण नाही. हेच यंत्र शेजारच्या बांधकामावर भाड्याने लावलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी वापराच्या अटीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. मालकांना हे लेखी दिलं. वाहनात बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. म्हणून जोडणी पूर्णपणे बोल्टची, सोडवता येणारी ठेवली आणि ट्रॅक्टरच्या अंगाला कुठेही वेल्डिंग केलं नाही.

### बॅकहो कशावर टेकतो

पूर्ण प्रकरणाचा निकाल इथे लागतो. या मापाच्या बॅकहोचे दोन प्रकार मिळतात. एक थ्री-पॉइंट लिंकेजला अडकवायचा : दोन खालचे हात, एक टॉप लिंक, दहा मिनिटांत जोडणी. दुसरा सबफ्रेमवर बसणारा. त्यात मागच्या अॅक्सलपासून ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या लोडरच्या खांबांपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या जातात आणि बॅकहो त्यांना पिनांनी लागतो. मालकांना आधी पहिलाच दाखवला गेला होता. तो ४८,००० रुपयांनी स्वस्त पडत होता.

तो का नको, ते आकड्यांत. बकेटच्या दातावर एक टन, म्हणजे अंदाजे १० किलोन्यूटन ओढ धरा, आणि दात लिंकच्या पातळीखाली दीड मीटरवर आहे. मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, झाला १५ किलोन्यूटन-मीटर. खालचे हात आणि टॉप लिंक यांच्यातलं उभं अंतर ४५ सेंटिमीटर. १५ भागिले ०.४५ म्हणजे ३३ किलोन्यूटन, जवळजवळ ३.४ टन, आणि हा भार टॉप लिंकच्या एका पिनवर. ती पिन ज्या ब्रॅकेटमध्ये आहे ते गिअरबॉक्सच्या बिडाच्या कव्हरला चार-सहा बोल्टांनी लावलेलं असतं. बीड वाकत नाही, तडकतं. दगडावर बकेट आदळली की भार याच्या दुप्पटही होतो. पहिल्या ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटवरचं वेल्डिंग अशाच कुठल्यातरी ओढाताणीचं असावं.

दुसरा धोका माणसाला आहे. थ्री-पॉइंटचे हात वर जायला मोकळे असतात. बूमने, म्हणजे बॅकहोच्या मुख्य हाताने, जमीन दाबली की बॅकहोची पूर्ण चौकट उचलते, आणि टॉप लिंक तुटली तर ड्रायव्हरची सीट ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर दुमडते. सीटवर बसलेल्या माणसाला सुटायला जागा राहत नाही.

म्हणून सबफ्रेम. १२ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, मागे अॅक्सलच्या खाली कवटाळणारे ब्रॅकेट, पुढे लोडरच्या खांबांना बोल्ट. पट्टीला लागणारं लोखंड मुंबईच्या दारूखाना बाजारातून आणलं, कापणी-वेल्डिंग वसईत केलं. ट्रॅक्टरच्या बिडात कंपनीने ठेवलेली आट्यांची भोकं वापरली, नवीन भोक एकही पाडलं नाही. १६ मिलिमीटरचा बोल्ट बिडात किमान २४ मिलिमीटर आत गेला पाहिजे. जाड पट्टी आल्यावर जुनेच बोल्ट वापरले तर आट्या अपुऱ्या लागतात आणि पहिल्याच आठवड्यात उपटून येतात. इथे सगळे बोल्ट १०.९ दर्जाचे, जुन्यांपेक्षा १२ मिलिमीटर जास्त लांब घेतले.

### तेलाचा मार्ग

लोडर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या पंपावर, बॅकहो पीटीओवरच्या वेगळ्या पंपावर, अशी विभागणी केली. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला वीस लिटरच्या आसपास तेल देतो. बॅकहोच्या डिपरचा, म्हणजे बूमपुढच्या हाताचा, सिलिंडर ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि ५०० मिलिमीटर स्ट्रोकचा असेल तर त्यात १.५६ लिटर तेल जातं. वीस लिटरच्या पंपावर एका हालचालीला पावणेपाच सेकंद, तीसवर तीन. दिवसभरात हा फरक कामाचा असतो.

पंप २० सीसीचा, एकास तीनच्या गिअरबॉक्ससह. पीटीओचे ५४० फेरे गुणिले तीन, म्हणजे १,६२०, आणि गळती वजा जाता तीस लिटर. रिलीफ, म्हणजे दाब मर्यादेवर गेला की तेल सोडून देणारा व्हॉल्व्ह, १५० बारवर लावला. तीस गुणिले दीडशे, भागिले सहाशे : ७.५ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता धरून बारा एचपीही लागत नाहीत. २७ एचपीचा ट्रॅक्टर कमी पडेल ही भीती निराधार आहे. कमी पडतात ते होज, टाकी आणि चौकट. १५० च्या जागी १८० बार लावून बघू, असा आग्रह फिटरने धरला होता. तो मान्य केला नाही, कारण दातावरची ओढ त्याच प्रमाणात वाढते आणि तो भार याच हलक्या ट्रॅक्टरला पेलायचा आहे.

लोडरच्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये एक गोष्ट नेहमी चुकते. पंपातून तेल आधी लोडरच्या ब्लॉकमध्ये येतं आणि तिथून पुढे थ्री-पॉइंटच्या लिफ्टकडे जातं. यासाठी ब्लॉकला पॉवर बियाँडचा वेगळा पोर्ट लागतो. तो नसताना टाकीकडे परतणाऱ्या पोर्टातूनच लिफ्टला लाइन दिली, तर लिफ्ट उचलताना पूर्ण दाब ब्लॉकच्या परतीच्या गाळ्यात येतो. तो गाळा त्या दाबासाठी बनवलेला नसतो. आधी लिव्हरांचे सील फुटतात, मग ब्लॉक तडकतो. पॉवर बियाँडची स्लीव्ह सुटी मिळते, ब्लॉक घेतानाच ती मागावी.

बॅकहो सोडून ठेवला आणि कोणी चुकून पीटीओ सुरू केला, तर? रिलीफ व्हॉल्व्ह बॅकहोच्या ब्लॉकमध्ये असतो आणि तो तर शेडमध्ये पडलेला. तेलाला वाट नाही, काही क्षणांत होज फुटतो किंवा पंपाचं झाकण. म्हणून पंपापासून हातभर अंतरावर लाइनमध्येच १७० बारचा दुसरा रिलीफ बसवला, त्याची परती सरळ टाकीत. शिवाय बॅकहो सोडताना येण्या-जाण्याचे दोन्ही कपलर एकमेकांत अडकवायची सवय लावली.

होज दोन तारांचे, दाबाच्या बाजूला अर्धा इंच, परतीला पाऊण. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सगळं मिळतं, पण आट्यांची जात तोंडी सांगून घेऊ नये, नमुना बरोबर न्यावा. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धत) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन पद्धत) या दोन्हींच्या इंचाला चौदाच आट्या असतात. एकमेकांत दोन-तीन फेरे छान बसतात, मात्र कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, म्हणून दाब आला की गळायला लागतात. त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळणं हा उपाय नाही : टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन लिव्हर अडकवतात. जोडांना रबरी ओठ असलेले लोखंडी वॉशर वापरले.

### लोडर आणि मागचं वजन

लोडर १,४०,००० चा, ०.१८ घनमीटरच्या बकेटसह. ओल्या रेतीचं वजन घनमीटरला १.९ टन धरलं तर काठोकाठ बकेट ३४० किलो होते. लोडरवर ३५० किलो लिहिलेलं असलं तरी तो आकडा बकेटच्या पिनपाशी मोजलेला असतो. माती त्याच्या अर्धा मीटर पुढे असते. म्हणून ओली रेती दोन तृतीयांश बकेट, शेणखत मात्र शीग लावून. ही रेघ बकेटच्या आत पिवळ्या रंगाने आखून दिली.

बॅकहो लावलेला असताना मागे त्याचंच ३८० किलो वजन असतं. तो काढून लोडर चालवायचा तर मागे वजन हवंच, नाहीतर पुढच्या अॅक्सलवर सगळा भार येतो आणि उतारावर मागची चाकं उचलतात. दोनशे लिटरचं पिंप अर्ध्यापेक्षा थोडं वर कापून काँक्रीटने भरलं : ११० लिटर, अंदाजे २६० किलो, आत थ्री-पॉइंटच्या पिना बसवलेल्या. पूर्ण पिंप ४८० किलोचं झालं असतं, ते या ट्रॅक्टरला जास्त. पुढचे टायर जास्त प्लायचे घेतले. टायर आणि हे वजन मिळून २४,००० गेले.

हिशोब एकत्र : ट्रॅक्टर, दुरुस्ती आणि पिंपळगावहून टेम्पोचं भाडं १८,००० धरून ४,४९,०००. लोडर १,४०,०००, दोन बकेटांसह बॅकहो १,९५,०००, सबफ्रेम ४८,०००, पंप-टाकी-होज ६२,०००, टायर आणि वजन २४,०००, म्हणजे ४,६९,०००. एकूण ९,१८,०००. जोडणीचा खर्च ट्रॅक्टरपेक्षा वर गेला. मालकांचं मूळ गणित सगळं मिळून सहा लाखांचं होतं, आणि बाजारात जाण्याआधीच ते दुरुस्त करून घ्यावं लागलं.

टेम्पो कसारा घाट उतरून भिवंडी, घोडबंदर रोड, भाईंदर आणि उत्तनमार्गे गोराईला आला. बॅकहो आणि लोडर वेगळ्या खेपेला वसईहून.

### पहिल्या चाळीस तासांत

पहिल्याच दिवशी पंप शिट्टी घालू लागला, बूम धक्के देत हलू लागली आणि टाकीत फेस आला. फिटरने पंप खराब असल्याचं सांगितलं. खरं कारण टाकीतून पंपाकडे जाणारा होज, तो पाऊण इंची लावलेला. मिनिटाला तीस लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, आणि १९ मिलिमीटरच्या नळीतून त्याचा वेग पावणेदोन मीटर प्रतिसेकंद होतो. ओढीच्या बाजूला वेग एक मीटरच्या फार वर गेला की पंपाला तेल पुरत नाही, तेलात बुडबुडे होतात आणि पंप आतून खरवडला जातो. सव्वा इंची होज लावल्यावर वेग ०.६३ वर आला. होज तारेच्या वेटोळ्यांचा हवा, साधा रबरी होज ओढीने चपटा होतो. परतीचं टोक टाकीत तेलाच्या पातळीवर उघडं होतं, तेही तळाजवळ नेलं. शिट्टी गेली, पंप तोच आहे.

चौथ्या दिवशी बॅकहोचा उजवा आधाराचा पाय काम करताना हळूहळू वर सरकू लागला. सिलिंडरच्या रॉडवर खडूची रेघ मारून पाहिलं, दहा मिनिटांत २५ मिलिमीटर. सील गेलं की व्हॉल्व्ह, हे ठरवायला पाय पूर्ण खाली दाबला, इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडला आणि रॉडच्या बाजूचा होज काढून त्याच्या टोकाला प्लग लावला. मग इंजिन सुरू करून लिव्हर पुन्हा दाबण्याच्या बाजूला धरलं. उघड्या पोर्टातून सतत तेल आलं असतं तर पिस्टनचं सील फाटलेलं. आलं नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हच्या स्पूलमधून, त्यातल्या सरकत्या दांडीजवळून. दोन्ही पायांना पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर हलवल्याशिवाय तेल परत न सोडणारे) बसवले, आणि रेतीत पायाखाली ६० सेंटिमीटर चौरसाच्या जाड फळ्या ठेवायला सांगितलं.

पीटीओवरच्या पंपाला फिरण्यापासून रोखायला साखळी दिलेली होती. ती पहिल्या आठवड्यातच काढून सबफ्रेमला बोल्ट केलेली आडवी पट्टी लावली. साखळी निसटली की पंप शाफ्टबरोबर गरगरतो आणि होज दोरीसारखे गुंडाळले जातात, ड्रायव्हरच्या पायांपासून हातभरावर.

एक नुकसान ड्रायव्हरच्या सवयीने झालं. लोडरची बकेट पूर्ण खाली ओतलेल्या अवस्थेत ठेवून त्याच बकेटने त्याने माती मागे-पुढे ढकलली. तेव्हा बकेटच्या सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर असतो आणि सगळा धक्का त्याच्यावर उभा येतो. रॉड तीन मिलिमीटर वाकला, नवा करावा लागला. ढकलायचं तर बकेटचा तळ जमिनीला सपाट ठेवून.

चराच्या जागेबद्दल दोन निर्णय नोंदवण्यासारखे. चराचं तोंड खाडीकडे काढणं सोपं होतं, पण तिथे कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा हा हात न लावण्याचा भाग आहे. म्हणून पाणी तळ्यात घेतलं आणि त्यासाठी आधी तळं उपसलं. दुसरं, विहिरीच्या पंपाची जमिनीखालची केबल चराला आडवी जात होती. तिथे दोन्ही बाजूंना दीड मीटर हाताने खोदलं. रेतीतला चर ९० सेंटिमीटरलाही ढासळतो, त्यामुळे काढलेली माती काठापासून ६० सेंटिमीटर दूर टाकली आणि यंत्र चालू असताना कोणालाही आत उतरू दिलं नाही.

### खारी हवा

गोराईत लोखंडाचा शत्रू समुद्रावरून येतो. सिलिंडरच्या रॉडवरचं क्रोम दिसायला अभेद्य, पण मिठाचा थर बसून राहिला तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा सीलला कानशीसारखा घासतो. काम संपलं की यंत्र असं उभं करायचं की जास्तीत जास्त रॉड आत राहतील. जे बाहेर राहतात त्यांना पुसून ग्रीसचा पातळ हात. धुवायला विहिरीचं मचूळ पाणी चालणार नाही, नळाचंच.

बॅकहोच्या पिनांना रोज काम सुरू करण्याआधी ग्रीस, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. पाण्याने न वाहणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस घेतलं, साध्यापेक्षा महाग आहे. टाकीत व्हीजी ६८ दर्जाचं तेल, परतीला १० मायक्रॉनचा फिल्टर. नव्या टाकीत आणि पाइपांत वेल्डिंगची खपली राहतेच, म्हणून पहिला फिल्टर दहा तासांनी बदलला. उघडल्यावर त्यात चमकणारी लोखंडी कूस होती, दुसऱ्यात जवळजवळ नाही.

सबफ्रेमचे बोल्ट दहा तासांनी टॉर्क रेंचने पुन्हा आवळले, तेव्हा सोळापैकी पाच फिरले. पन्नास तासांनी एकच फिरला, मागच्या डाव्या ब्रॅकेटचा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी बॅकहो लावायचा नाही, आधी तो बोल्ट.